वैशाखात विहीर पाहणाऱ्या सुभद्राबाई

गौरवग्रंथाच्या मंडळींस तुळशीरामाचा सप्रेम नमस्कार.

सुभद्राबाईंच्या साठीनिमित्त ग्रंथ निघतो आहे, त्यात तुमचाही लेख हवा, असा निरोप आला. लेख कसा लिहितात ते मला नीटसे ठाऊक नाही. मी शाळेची पायरी चढलो नाही. राइस मिलच्या पोत्यांवर काळ्या शाईने मारलेली अक्षरे लावता लावता वाचायला शिकलो. तेव्हा मी आपले पत्रच लिहितो. त्याचा लेख तुम्ही करून घ्या, आणि खडे निघाले तर शांताबाई मास्तरणींनी वेचून टाकावेत.

पत्र म्हटले की आधी ख्यालीखुशाली. गोविंदराव, तुमचा गुडघा कसा आहे? मोहाच्या बियांचे तेल दिले होते, ते चोळता की बाटली कोनाड्यात ठेवून रोज तिला नमस्कार करता? शांताबाई, छापखान्याचे कागद कंदिलाखाली वाचत बसू नका. तुमच्या डोळ्यांवर अजून पुष्कळ पोरी शिकायच्या आहेत. मोहनलालजी, खोकला उतरला का? आणि तुमच्या आईंची, माँजींची, प्रकृती कशी आहे? ऐकायला कमी येते म्हणतात, पण मागे मी हळूच विडी मागितली ती त्यांनी बरोबर ऐकली होती. इकडे आमच्या घरची मंडळी बरी आहेत. सुभद्राबाईंच्या सोबतीण भागरताबाईंची कंबर धरते, पण त्या कोणाला सांगत नाहीत. आणि ज्यांच्यासाठी हा सगळा घाट, त्या सुभद्राबाई ठणठणीत आहेत. परवाच मला रागावल्या, यावरून ओळखा.

आता पहिली ओळख.

स्वराज्य येऊन थोडेच दिवस झाले होते. मी मिलच्या वजनकाट्यावर होतो. दुपारी दोन बाया टोपल्या घेऊन आल्या. पुढची म्हणाली, "भुसा पाहिजे होता जी."

भुशाचा आमच्याकडे डोंगर. कोणी नेला तर मिलवालेच खूश. मी म्हटले, "घेऊन जा ना बाई, कोण नाही म्हणते?"

पण बाई टोपली भरीनात. ढिगाच्या एका अंगाला गेल्या, मूठभर भुसा उडवून पाहिला, मग फिरून दुसऱ्या अंगाला आल्या. मला वाटले, उन्हाने डोके फिरले.

"काय पाहून राहिल्या?"

"वाऱ्याच्या अंगचा भुसा हलका हाय, नुसता धुपते. ह्या अंगचा जड हाय. हा जळंल." आणि मागे वळून म्हणाल्या, "भागरता, इकून भर वं."

त्या सुभद्राबाई, आणि मागच्या त्या भागरताबाई. दोघींची जोडी मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. आजतागायत ती सुटलेली पाहिली नाही.

बाईंचे माहेर सौंदडकडचे, धानाच्या शेतीवाल्यांचे. यजमान रेल्वेच्या छोट्या लाइनीवर खलाशी होते. ते तापाने गेले. भाऊ न्यायला आले, तेव्हा बाईंनी विचारले, "मी आली तं ह्यांचे सोबती जेवतीन कुठं?" कारण यजमानांचा डबा बांधता बांधता त्यांच्या बिनबायकांच्या सोबत्यांचेही डबे त्या बांधू लागल्या होत्या. भाऊ परत गेले. बाई राहिल्या. त्या डब्यांचेच पुढे असे स्वयंपाकघर झाले की रेल्वेचे बाबू, मिलचे मुनीम, शाळेचे मास्तर, कोणाकडे लग्न असले तर वऱ्हाड, सगळे त्यांच्या हातचे जेवू लागले.

नवख्या वाचकांसाठी एक सांगून ठेवतो. ही खानावळ नव्हती. तिथे पाट मांडलेले नव्हते, पाटी लावलेली नव्हती, कोणी येऊन 'भात वाढा' म्हणत नव्हते. तिथे नुसते रांधायचे. अन्न कावडीने बाहेर जायचे आणि रिकामे डबे परत यायचे. जेवणारे गावभर, आणि बाईंना त्यांतल्या निम्म्यांची तोंडे ठाऊक नाहीत. पण कोणाला मिरची चालत नाही, कोण करपलेली खरवड मागून घेतो, हे तोंडपाठ. माझी बायको तापाने पडली तेव्हा मी डबा सांगितला होता एकट्या माझा. आला तो दोघांचा; एकात भात-वरण, दुसऱ्यात तांदळाची पातळ पेज, वर मिठाचा खडा वेगळा बांधून. निरोप काही नाही. मी विचारले तर कावडवाला म्हणाला, "बाईनं सांगतलं, काटेवाल्याच्या घरून दोन दिवस धूर नाही निघून राहिला."

असा त्यांचा धुरावर डोळा. आणि ज्या गोष्टीवरून सुभद्राबाई मला खऱ्या कळल्या, तीही धूर-पाण्याचीच. ती सांगतो. बाकीचे गुणगान इतर मंडळी माझ्यापेक्षा चांगले करतील.

स्टेशनाजवळच्या ज्या दोन खोल्यांत त्या रांधत असत, त्या मालकाला पाडून पक्की दुकाने काढायची होती. अखजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, जागा मोकळी करा, असे त्याने सांगितले. माणूस वाईट नव्हता, वेळेत सांगितले. पण गोंदियात तेव्हा जागा म्हणजे उंबराचे फूल. जागा मिळाली नाही तर चूल थंड, आणि चूल थंड झाली तर बाईंबरोबर भागरताबाईंचे, तांदूळ निवडणाऱ्या बायांचे, कावडवाल्यांचे, सगळ्यांचेच पोट थंड. मी म्हटले, मी हिंडतो तुमच्यासोबत. मिलमुळे मला गावातली गोदामे ठाऊक होती आणि बोलण्यात मी कमी नाही, हे तुम्ही जाणताच.

पहिली जागा बाजाररस्त्यावरची. झकास दुकान, रुंद ओटा, समोरून सगळा गाव जाणार. मी खूश. बाई आत गेल्या आणि सरळ मागच्या भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या.

"मागचं दार कुठं हाय?"

दाखवणारा दलाल हसला. "अरे बाई, दुकान का मुँह देखो! ऐसा मुँह पूरे बाजार में नहीं मिलेगा।"

"तोंड पाहून कोन येनार हाय माझ्याकडं? जेवनारा येत नाही, डबा जाते. राख कुठून नेऊ? खरकटं पानी कुठून सोडू? तुमच्या गिऱ्हाइकाच्या पायावरून?"

मागचे दार नव्हते. आम्ही निघालो. दलाल मला कानात म्हणाला, "ये बाई धंदा नहीं कर सकती।" मी म्हटले, "बघू या."

दुसरी जागा मी सुचवलेली, आमच्याच मिलला लागून असलेले जुने गोदाम. मोठे, ऐसपैस, आणि भुसा तर हाकेवर. चैत्र संपत आला होता, मिलचा हंगाम ओसरला होता, सगळीकडे कसे शांत. बाईंनी वर पाहिले. तुळईवरून बोट फिरवले आणि ते बोट माझ्यापुढे धरले. त्यावर पिवळसर धूळ.

"भाऊ, आता मिल झोपली हाय. मार्गशीर्षात जागी होईन, तवा हा मसाला माझ्या भातावर पडंल."

आमच्या या भागात हे नेहमीचे. जागा पाहायची ती सवडीने, म्हणजे कामे नसताना. आणि कामे नसतात तेव्हाच जागा गोड दिसते. पावसाळ्यात विहीर पाहून घर घेतले, वैशाखात बादलीत गाळ. उन्हाळ्यात छप्पर पाहिले, श्रावणात अंथरुणाखाली ओल. बाईंचे म्हणणे उलटे. जागा तिच्या वाईट दिवसात पाहावी. जिथे तो दिवस आपल्याला गाठता येत नाही, तिथे शेजारच्या बायांना विचारावे. पुरुषांना विचारू नये, त्यांना घर बाराही महिने सारखेच दिसते. हे त्या मला पाहूनच म्हणाल्या.

असे हिंडता हिंडता वैशाख लागला, आणि मोहनलालजींची जागा निघाली.

मोहनलालजी, इथे मी तुमची परवानगी न घेता लिहितो आहे. रागावू नका, पुढे वाचा.

दुकानांच्या रांगेमागे त्यांचे दुसरे घर होते, विटांचे, वापरात नसलेले. पुढे एक दार, मागे एक दार. मागच्या दारातून गल्ली थेट इंजिनांच्या लोको शेडच्या रस्त्याला. फाटकाच्या अलीकडे, म्हणजे मालगाडी फाटकात तासभर उभी राहिली तरी डबा अडायचा नाही. धूर वर जायला उंच छत. आणि अंगणात विहीर. वैशाखाचे ऊन, गावातल्या निम्म्या विहिरींचे तळ उघडे पडलेले, आणि या विहिरीत बाईंनी वाकून पाहिले तर पाण्यात त्यांचा चेहरा दिसला. मी त्यांना जागा पाहताना हसलेले पहिल्यांदा पाहिले.

तरी परीक्षा सोडली नाही. बरोबर तांदूळ आणले होते. मोहनलालजींच्या परवानगीने अंगणात तीन दगड मांडून भात रांधला, डब्यात भरला आणि माझ्या हातात दिला. "लोको शेडपर्यंत जाऊन या. तवरिक उघडू नका." उन्हातान्हात मी डबा घेऊन गेलो आणि आलो. उघडला तर वाफ! शितावरून भाताची परीक्षा सगळेच करतात. भातावरून घराची परीक्षा मी तेवढीच पाहिली.

"हेच घर," बाई म्हणाल्या. मोहनलालजीही राजी. बोलणे सगळे झाले. जमिनीवर भाताचे खरकटे सांडले होते, ते धुवायला हवे म्हणून बाई बरोबर आलेल्या भागरताबाईंना म्हणाल्या, "पानी काढ वं बादलीभर."

भागरताबाई विहिरीच्या ओट्याखालीच बसून होत्या. उठल्या नाहीत. त्यांनी वर पाहिले, म्हणून मीही वर पाहिले. शेजारच्या, मोहनलालजींच्या राहत्या घराच्या सज्ज्यात माँजी उभ्या होत्या.

माँजींचा आवाज तेव्हाही गोड होता. त्या म्हणाल्या, "सुभद्राबाई, घर तुम्हारा है, जैसे चाहो रहो। बस, वो कुएँ पर नहीं चढ़ेगी। हमारा कहार दोनों टाइम पानी भर देगा। पैसा भी मत देना।"

वाचकांनी त्या बोलण्यात दुष्टावा शोधू नये. त्यांनी तर उलट देऊ केले होते. भागरताबाईंच्या जातीच्या माणसांनी आपल्या विहिरीला हात लावायचा नाही, हे माँजींना त्यांच्या सासूने शिकवले आणि सासूला तिच्या सासूने. गावात निम्म्या विहिरींवर तीच रीत होती. माझ्या स्वतःच्या गावच्या विहिरीवरही होती, आणि मी तिथे कधी तोंड उघडल्याचे मला आठवत नाही. मोहनलालजी खाली मान घालून उभे राहिले. आईपुढे बोलणार काय? मी मनात म्हटले, कहार फुकट मिळतो आहे, बाईंचे कष्ट वाचतात. हो म्हणा आणि मोकळ्या व्हा.

बाईंनी एकदा विहिरीकडे पाहिले. मग वर तोंड करून म्हणाल्या, "माँजी, मी जागा बदलून राहिली. मानसं नाही बदलून राहिली."

आणि भाताची हंडी उचलून निघाल्या. खरकटे त्यांनी पदराने पुसून घेतले.

वाटेत भागरताबाईच विनवू लागल्या. "बाई, घेऊन टाका ना जागा. अखजी दोन दिसांवर आली. मी घरूनच तांदूर निवडून देत जाईन. मले कायले पाहिजे विहीर?"

"अन् तहान लागली तं? पानी प्याले घरी जाशीन?"

"जाईन."

"अन् मी घोटभर मागतलं तं? कोन देईन?"

मला राहवले नाही. मी म्हटले, "बाई, बाकी सगळं जमत होतं. एवढ्यावरून काऊन सोडली?"

तेव्हा त्यांनी सांगितले. यजमान तापात होते तेव्हा शेजारपाजार साथीच्या भीतीने दूर झाला होता. दाराशी पाण्याचा हंडा आणून ठेवणारी एकच बाई होती, भागरता. "मी घाबरत होती का कोनी पाहीन. तिचं पानी मी चोरून आत घेत होती, भाऊ. शेवटचा घोट त्यांनी तोच घेतला. आता मी चोरून नाही घेत."

पुढचा सगळा रस्ता मी हंडी धरली.

अखजीच्या तोंडावर जी जागा मिळाली, ती फाटकापलीकडची. सालेकशाकडच्या एका विडीवाल्याचे तेंदूपत्ता ठेवायचे कोठार. त्याने धंदा आवरला होता. मागचे दार होते, एवढीच जमेची बाजू. विहिरीत बादली टाकली तर ती पाण्यात बुडण्याऐवजी गाळात उभी राहिली. आणि मध्ये रेल्वेचे फाटक.

मालक म्हणाला, "विहिरीवर कोन येते, कोन जाते, मले काही घेनंदेनं नाही. पानीच नाही तं भांडन कायचं?"

बाई म्हणाल्या, "झालं तं मग."

पहिल्या आठवड्यात भाताला विडीच्या पानाचा वास. जमीन सारवली, भिंती पोतारल्या, निंबाचा पाला धुपवला, तरी वास हटेना. लोको शेडमधल्या पोरांनी रिकाम्या डब्यांत चिठ्ठी पाठवली, 'बाई, भातासंगं काडेपेटी बी पाठवा.' बाईंनी दुसऱ्या दिवशी खरेच एक काडेपेटी पाठवली. पोरे ओशाळली, आणि सुट्टीच्या दिवशी सात-आठजण घमेली-फावडी घेऊन विहीर उपसायला आली. भागरताबाईंचा मुलगा आत उतरला होता, वर दोर ओढायला रेल्वेचे खलाशी. गाळाखाली कातळ लागला, आणि कातळाच्या फटीतून झरा. दोन दिवसांनी पाणी निवळले, तेव्हा बाईंनी दोर भागरताबाईंच्या हाती दिला आणि आपण मागे सरल्या. भागरताबाईंनी पहिली बादली काढली. कोणी नारळ फोडला नाही, भाषण केले नाही. मुलगा काठावर बसला होता, तो म्हणाला, "माय, आता काढली तं मले दे ना, तहान लागली." सगळे हसले.

फाटकाचे मात्र हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. मालगाडी आडवी आली की कावडी अर्धा-पाऊण तास उन्हात उभ्या, आणि भात गार. एकदा मी फाटकाशी बाईंबरोबरच अडकलो होतो. प्लॅटफॉर्मवरून हमाल बर्फाच्या लाद्या उतरवीत होते, भुशाने भरलेल्या खोक्यांतून. बाई बघत राहिल्या.

"भाऊ, भुशात बर्फ काऊन ठेवते?"

"गार राहावा म्हणून. बाहेरची गरमी लागत नाही."

"मंग आतली गरमी बी बाहेर नाही जात असंल."

झाले. सुताराकडून लाकडी खोकी करवली, आमच्या मिलचा भुसा त्यांत दाबून भरला, मध्ये डब्यापुरते खळगे ठेवले, वर भुशाची उशी. मालगाडी जाऊ दे नाही तर राहू दे, भात उघडला की वाफ. फाटकवाला गमतीने म्हणायचा, "बाई, तुमच्यापायी मला बसणारे शाप कमी झाले."

आता अवघड भाग. नव्या जागी पाणी भागरताबाई काढतात, हे गावभर झाले. काही डबे बंद झाले. एक मुनीमजी स्वतः आले, सभ्य गृहस्थ. म्हणाले, "बाई, जोवर माहीत नव्हतं तोवर ठीक होतं."

बाई म्हणाल्या, "आता माहीत झालं. उद्या डबा पाठवू का नको, तेवढं सांगा. नाही म्हनसान तं मले राग नाही."

ते नाही म्हणाले. त्या दिवशी बाईंनी त्यांच्या डब्यात त्यांना आवडणारे वडे घातले. म्हणाल्या, शेवटचा डबा रागाचा नसावा. काही लोक पुढे परत आले. मुनीमजी आले नाहीत, पण त्यांच्या घरी कोणी आजारी पडले की बाई अजून वाटेवरच्या माणसाला थांबवून विचारतात. बंद झालेल्या डब्यांची जागा हळूहळू दुसऱ्यांनी घेतली. ते दिवस तंगीचे गेले, हे मी पाहिले आहे. पण चूल एक दिवसही थंड राहिली नाही.

आणि आता मोहनलालजी, तुमच्या बाजूचे सांगतो, म्हणजे फिटंफाट होईल.

त्यांच्या मुलीचे लग्न होते. बाहेरून बोलावलेला आचारी ऐन वेळी भांडून निघून गेला. वरात गाडीत बसलेली. मोहनलालजी भर उन्हात फाटक ओलांडून बाईंच्या दाराशी आले. मी तिथेच भुशाची टोपली उतरवीत होतो. त्यांनी दारातूनच आचारी गेल्याचे सांगितले.

बाईंनी विचारले, "किती पानं?" त्यांनी सांगितले. मग बाईंनी विचारले, "माँजीले सांगतलं का, पानी कोन्या विहिरीचं, कोन्या हाताचं?"

"बता दिया है।"

"काय म्हनल्या?"

मोहनलालजी इतक्या काळजीतही हसले. "बोलीं, अभी मुझे कुछ मत बता, पहले बरात को खिला।"

बाईही हसल्या. "शानी हाय तुमची माय." आणि पदर खोचून कामाला लागल्या. मोहनलालजी म्हणाले होते, आमच्या अंगणात येऊन रांधा, पाणी भरपूर आहे. बाईंनी तेवढे टाळले. रांधले आपल्याच चुलीवर, आपल्याच विहिरीच्या पाण्याने. भुशाच्या खोक्यांतून बैलगाड्या भरून अन्न फाटक ओलांडून गेले आणि वरात जेवली. माँजींनी पान घेतले की नाही, ते मी पाहिले नाही, आणि बाईंनी कधी विचारले नाही. त्यानंतर मोहनलालजी दर सणाला फाटक ओलांडून बाईंना भेटून जातात. ओट्यावर बसतात, पाणी मागून पितात. कोण देते ते पाहत नाहीत, म्हणजे पाहतात, आणि पितात.

या मधल्या काळात आपण मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात आलो, आता पुन्हा काही बदलायच्या गोष्टी चालल्या आहेत. विहिरी मात्र जिथल्या तिथे आहेत.

सुभद्राबाईंचे मोठेपण मोजायला माझ्याजवळ काटा नाही, जन्म काट्यावर गेला तरी. एवढेच जाणतो, की घर, दुकान, गोदाम कोणी पाहायला निघाले की आता मीही विचारतो, मागचे दार कुठे आहे आणि तिथून कोण आत येऊ शकते. बाईंना उदंड आयुष्य लाभो. त्यांच्या हाताला चव आहे तशी गुडघ्यांना ताकद राहो. पंचाहत्तरीला त्यांनी आम्हा सगळ्यांना असेच झापावे, आणि तेव्हाही भागरताबाई शेजारी बसून तांदूळ निवडत असाव्यात.

आता शेवटचे, आणि हे छापायचे की नाही ते तुम्ही ठरवा.

सत्कार वैशाखात, ऐन अखजीला, आणि त्यानंतरची पंगत मोहनलालजींच्या त्याच अंगणात, असे तुम्ही ठरवल्याचे कळले. मी ते बाईंना सांगितले. त्या म्हणाल्या, "वैशाखात बी पानी राहते त्या विहिरीले, मी पाहिलं हाय. येतो म्हना." आणि भागरताबाईंकडे पाहिले.

भागरताबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता त्यांनी मला विचारले, "दादाजी, तिथं दोर-बादली राहीन का मी आपली आनू?"

मी म्हटले, विचारून सांगतो. मोहनलालजी, माँजींना एकदा जवळ बसून विहिरीचे मोठ्याने विचारा, आणि लगेच दोन ओळी लिहून धाडा. अखजी फार लांब नाही, आणि भागरताबाई उत्तराची वाट पाहत आहेत.

तुमचाच,
तुळशीराम काटेवाला